दोन फेब्रुवारीचा गहू

आमची खिडकी दहा ते बारा उघडी असते. काचेला तळाशी एक अर्धगोल भोक आहे, त्यातून कागद आत येतात आणि आवाजही. भोक खाली असल्यामुळे बोलणाऱ्याला वाकावं लागतं, त्यामुळे गेली एकतीस वर्षं मी विद्यार्थ्यांचे चेहरे वाकलेलेच पाहत आले. रस्त्यात कुणी ताठ उभं राहून "मावशी, ओळखलंत का?" असं विचारलं की मला ओळख पटत नाही.

खिडकी उघडण्यापूर्वी मी रोज एक स्तोत्र वाचते. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारपर्यंत नुसतं पाणी. आणखी एक नेम आहे, तो आई गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवशी घेतला: रोज निदान एका मुलाचं काम त्याच फेरीत करायचं, 'अजून एक कागद आणा' म्हणून परत पाठवायचं नाही. हा नेम बाकीच्यांपेक्षा कठीण आहे. पाणी पिऊन राहता येतं, पण तंत्र विद्यापीठाच्या नियमांत असा एकही कागद नाही ज्याच्या मागे दुसरा कागद लागत नाही.

तो सप्टेंबर फार थकवणारा होता. पहिल्या वर्षाचे प्रवेश चालू होते आणि जुन्या अभ्यासक्रमाच्या मुलांना पदवी पुरी करायची मुदत तीस तारखेला संपत होती. मुलं म्हणायचं एवढंच; त्यातल्या काहींचे केस पांढरे झाले होते. ही मुदत आजवर इतक्या वेळा वाढली होती की शेवटची म्हटलं तरी कुणाला खरं वाटत नव्हतं. या वेळी खरीच शेवटची होती. तीसनंतर जुन्या मुलांची नावं पटावरून निघणार आणि वीस-वीस वर्षांपूर्वी पास केलेले विषय फायलीत नुसते पडून राहणार.

चोवीस तारखेला, मंगळवारी, रांगेत तिहोमिर उभा होता. शेजारी त्याची मुलगी दुन्या, पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी. माझ्याबरोबर खिडकीवर बसणारी वेरित्सा त्यांना बघून म्हणाली, "ताई, बाप-लेक एकाच वर्गात बसणार की काय?" ती हे हळू म्हणाली असं तिला वाटलं. तिहोमिरने ऐकलं आणि हसला. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. आमच्या इमारतीची लिफ्टसुद्धा तोच चालू ठेवतो. लोकांचं ऐकून घ्यायची त्याला सवय आहे.

त्याचं प्रकरण मला पाठ होतं. सगळे विषय झालेले, शेवटचा प्रकल्प दोन वर्षांपूर्वीच लिहून झालेला, मार्गदर्शकाने मान्य केलेला. अडलं होतं एका तारखेवर. यंत्रघटक हा विषय तो २००२ साली स्रेदोये सरांकडे दहापैकी सात गुणांनी पास झाला होता. पण कागदावर परीक्षेची तारीख होती वीस जानेवारी, आणि हिवाळी सत्र त्याने मंजूर करून घेतलं होतं पंचवीस जानेवारीला. सत्र मंजूर नसताना दिलेली परीक्षा धरली जात नाही. हे दोन वर्षांपूर्वी त्याची फाईल तपासताना मीच शोधून काढलं आणि मीच त्याला सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, तोही माझा नेम आहे. तेव्हापासून त्याने तो विषय नव्या सरांकडे चारदा दिला आणि चारही वेळा नापास झाला. चव्वेचाळिसाव्या वर्षी, दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून संध्याकाळी गिअरचे दात मोजायचे.

त्या दिवशी मला वाटलं तो पुन्हा विनवणी करायला आलाय. तसं नव्हतं. दुन्याचे कागद सरकवल्यावर त्याने स्वतःची हिरवी वही आत सरकवली, जिला इथे सगळे इंडेक्स म्हणतात, ज्यात प्रत्येक विषयाचा गुण आणि प्राध्यापकाची सही असते. म्हणाला, त्याला नाव काढून घ्यायचंय. शाळेचं मूळ प्रमाणपत्र परत हवंय, ते इथे फायलीत एकोणीसशे नव्व्याण्णवपासून आहे.

मी म्हटलं, अजून सहा दिवस आहेत.

"सहा दिवसांत मी काय करू, मावशी? वही परत घ्या. पोरीसमोर तरी हा तमाशा बंद होऊ दे."

दुन्या बाजूला सरकून फलकावरच्या सूचना वाचत होती. वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्याची फाईल काढायला मी मागच्या कपाटाकडे गेले. नाव काढून घेतानाही तीन सह्या लागतात. फाईल घेऊन आले तेव्हा तो खिडकीशी कोपर टेकून उभा होता, घाई नसलेल्या माणसासारखा. म्हणाला, आज सकाळपासून काही खाल्लं नाही, आणि कसं बघा, ज्या दिवशी यंत्रघटक दिला त्या दिवशीही खाल्लं नव्हतं. परीक्षा संपवून निकालाच्या चिठ्ठ्या पोचवायला स्रेदोये सरांनी त्यालाच खिडकीवर पाठवलं होतं.

"तुम्ही काळा रुमाल बांधला होता," तो म्हणाला. "आणि रुमालातून गोड गहू दिला होता मूठभर. कागदी रुमालातून हो, डोक्यावरच्या नाही. मी जिन्यात बसून खाल्ला. त्यात अक्रोड होते."

मी फाईल टेबलावर ठेवली.

मेलेल्या माणसाच्या नावाने आम्ही गहू शिजवतो, साखर आणि अक्रोड घालतो आणि जो भेटेल त्याला देतो; खाणारा म्हणतो, देव क्षमा करो. इतक्या वर्षांत मी कचेरीत गहू एकदाच आणला. आई गेली पंचवीस डिसेंबरला. चाळिसावा दिवस शनिवारी आला होता, दोन फेब्रुवारीला. सकाळी कबरीवर मेणबत्त्या लावल्या, पाद्रींनी प्रार्थना म्हटली, भाऊ सगळ्यांना घेऊन घरी गेला. मी मात्र कचेरीत आले, कारण परीक्षांचे दिवस होते आणि शनिवारीही चिठ्ठ्या येत होत्या. उरलेला गहू डब्यात बरोबर होता.

दोन फेब्रुवारी. वीस जानेवारी नव्हे.

तिहोमिरला मी म्हटलं, आज नाव काढता येणार नाही, एक सही करणारा माणूस जागेवर नाही. हे खोटं नव्हतं. मीच जागेवर नव्हते. म्हटलं, शुक्रवारी ये. तो वैतागून म्हणाला की नाव काढायलासुद्धा तारीख मिळते इथे. पण गेला. जाताना दुन्याने मागे वळून मला नमस्कार केला, वळण लावलेल्या पोरी करतात तसा.

बारा वाजता पडदा ओढला आणि ती जुनी चिठ्ठी फायलीतून काढली. गुण आणि सही स्रेदोये सरांची. तारीख माझ्या हातची. स्रेदोये सर तारीख कधीच टाकत नसत. गठ्ठा पाठवत आणि तारीख आम्ही टाकायचो, ज्या दिवशी गठ्ठा आला त्या दिवशीची. माझं अक्षर स्वच्छ होतं, तेव्हाही: २०. १. २००२.

चूक कशी झाली हे मला लगेच दिसलं, कारण मी अजूनही तशीच बसते. माझ्या टेबलावर चर्चची दिनदर्शिका असते. तिच्यात प्रत्येक दिवसाला दोन तारखा: एक जगाची, एक चर्चची जुनी, जगाच्या तेरा दिवस मागे. आईचे चाळीस दिवस मी जुन्या रकान्यात बोट ठेवून मोजले होते. त्या दुपारी बोट तिथेच होतं. मी तिथलीच तारीख उचलली आणि सगळ्या गठ्ठ्यावर टाकली. इथल्या कुठल्याही दुसऱ्या कारकुनाकडून ही चूक झाली नसती. वेरित्साकडून तर नाहीच. तिच्या टेबलावर कुत्र्यांच्या फोटोंचं कॅलेंडर आहे.

त्याहून वाईट दुसरंच. जगाच्या रकान्यात वीस जानेवारी म्हणजे योवानदान, संत योवानचा दिवस. दिनदर्शिकेत लाल अक्षरात असतो. अर्ध्या शहराचा तो कुळाचा सण, घरोघरी पाहुणे, टेबलावर भाजलेलं डुक्कर. त्या दिवशी कोण परीक्षा घेतं? स्रेदोये सरांचा स्वतःचाच कुळसंत योवान होता. मी, जिला सगळी लाल अक्षरं पाठ, दोन वर्षं ती तारीख बघत होते आणि एकदाही मनात आलं नाही. पंचवीसपेक्षा वीस आधी येतो, एवढंच बघितलं आणि माणसाला परत पाठवलं. आईच्या चाळिसाव्याला नेम घेतला आणि त्याच दिवशी, त्याच हाताने हे लिहिलं.

वेरित्साला मी सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं. तिने चिठ्ठी उजेडात धरली, शाई बघितली आणि म्हणाली, "ताई, कोऱ्या चिठ्ठ्यांचा जुना गठ्ठा मागच्या कपाटात पडलाय. नवी लिहायची, सात गुण, दोन फेब्रुवारी. सही मी करते, स्रेदोये सरांची सही तर माझी मांजरही करेल. स्वर्गातून तक्रार करायला ते काही येणार नाहीत."

मी म्हटलं, तसं करणार नाही.

"मग काय करणार? लेखी देणार? पाच महिन्यांनी निवृत्ती आहे तुमची. फुलं घेऊन जायचं की ठपका?" मग ती जरा मऊ झाली. कॉफी करून आणली. म्हणाली, तुम्ही ना, फार दमवता माणसाला.

ते खरं आहे. मी स्वतःलाही दमवते.

बुधवारी पाणी पिऊन मी दुसऱ्या मजल्यावर गेले. शिक्षणक्रमाचे उपअधिष्ठाता वुकाशिन सर तेव्हा नव्या अभ्यासक्रमाच्या मान्यतेच्या कागदांत गळ्यापर्यंत बुडालेले होते. टेबलावर जागा नव्हती म्हणून काही गठ्ठे खुर्चीवर, काही खिडकीत. मला बसायला सांगितलं आणि बसायला जागा नाही हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. चाळिसावा दिवस, दोन रकाने, गहू. ऐकताना त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

त्यांनी पहिल्यांदा विचारलं की त्या विद्यार्थ्याने मला काही दिलं आहे का. मी नाही म्हटलं. दुसरं, की दोन फेब्रुवारीचा पुरावा काय. विभागाचं परीक्षा रजिस्टर तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेलं. माझी नेमाची वही आहे, तिच्यात त्या दिवशी लिहिलंय, आईचा चाळिसावा, कचेरीत गहू वाटला. ते म्हणाले, स्टोयांकाबाई, समितीपुढे प्रार्थनेची वही ठेवू?

"दोन फेब्रुवारी मला दाखवता येत नाही, सर," मी म्हटलं. "पण वीस जानेवारी नव्हती, एवढं दाखवता येतं. योवानदान होता. रविवार होता."

बाहेर लिफ्ट कुरकुरत वर गेली.

मग त्यांनी कसंनुसं हसून मान हलवली. "मी स्रेदोये सरांकडे होतो," ते म्हणाले. "साहाय्यक होतो तेव्हा त्यांचा. दर योवानदानाला सकाळी नऊपासून भांडी उचलायला मीच असायचो. सर पाहुण्यांना दारात घ्यायचे आणि संध्याकाळपर्यंत खाली बसायचे नाहीत, यजमानाने सणाला बसायचं नसतं म्हणून. परीक्षा कुठली घेताहेत."

मला वाटलं काम झालं. पण ते लगेच पुन्हा उपअधिष्ठाता झाले. विचारलं, गठ्ठ्यात किती चिठ्ठ्या होत्या. मी रात्रीच मोजून ठेवल्या होत्या: अकरा. बाकीच्या दहा जणांनी सत्र वेळेवर मंजूर करून घेतलं होतं, म्हणून त्यांचं कुणाला कळलं नाही. तिहोमिर तेव्हा महिनाभर काविळीने पडून होता, तोच एकटा पंचवीसला आला होता.

"म्हणजे दहा पदव्यांवर चुकीची तारीख आहे. त्यातला एक तिसऱ्या मजल्यावर शिकवतो, माहीत आहे ना? तुम्ही लेखी दिलंत तर मला अकराही उघडावे लागतील. नाही दिलंत तर…" त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं, मी त्यातून बाहेर पडले तरी ते मला वाईट म्हणाले नसते. ते चांगले गृहस्थ आहेत. आम्ही सगळेच दमलेले होतो.

मी म्हटलं, लेखी आणलंय, आणि पिशवीतून कागद काढला.

शुक्रवारी क्रूसाचा सण होता, कडक उपासाचा. समिती अकरा वाजता बसली. तीन माणसं, एक प्लॅस्टिकची फुलदाणी आणि मी. माझा कागद मोठ्याने वाचला गेला. 'माझ्या हातून' हे शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना फार लांबचे वाटतात. कायदा शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं की या दोन वर्षांत विद्यार्थ्याला चार वेळा पुन्हा परीक्षेला बसवलं, तेव्हा तारीख तपासली नाही का. मी म्हटलं, तपासली, पण बघितली नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. वुकाशिन सरांनी उभं राहून साक्ष दिली की अमुक दिवशी प्राध्यापक घरी होते आणि आपण स्वतः त्यांच्या स्वयंपाकघरात ग्लास धूत होतो. कुणीतरी हसलं, पण ते इतिवृत्तात गेलं.

निर्णय असा झाला: सर्व अकरा नोंदी दुरुस्त कराव्यात. तिहोमिरची परीक्षा वैध. मला लेखी समज. आणि बाकीच्या दहा जणांना पत्रं मी स्वतः लिहावीत, पत्ते शोधून. दोन जर्मनीत आहेत, एक कॅनडात, एक वारला.

तिहोमिर साडेअकरापासून खिडकीबाहेर उभा होता, नाव काढायला आलेला. मी खिडकीतून बोलले नाही. बाजूच्या दाराने बाहेर गेले आणि त्याच्यासमोर उभी राहिले. तो ताठ उभा असला की माझ्यापेक्षा बराच उंच आहे, हे मला पहिल्यांदाच कळलं. मी त्याला सगळं सांगितलं, चूक माझी होती इथपासून सुरुवात करून. रांगेतली मुलं ऐकत होती. ऐकू देत.

खांद्यावरची हत्यारांची पिशवी त्याने जमिनीवर ठेवली.

"चार वेळा, मावशी," तो म्हणाला. "चार वेळा मी त्या पोराएवढ्या सराकडून नापास झालो. एकदा तर दुन्याच्या वाढदिवशी."

"हो. मला माफ कर."

मी वाट बघत राहिले. आमच्यात माफी मागणाऱ्यालाही तेच एक उत्तर असतं, देव क्षमा करो, पण ते द्यायला कुणी बांधील नसतं. त्याने भिंतीकडे बघितलं, लिफ्टच्या दाराकडे बघितलं. मग पिशवी उचलली.

"देव करो," तो म्हणाला. "मला वेळ लागेल."

आणि सोमवारी प्रकल्पाचं सादरीकरण किती वाजता ठेवतात ते विचारलं.

सोमवारी, तीस तारखेला, एक वाजून गेला होता. खिडकी बंद झालेली होती. वेरित्सा घरी जायच्या घाईत, बूट बदलत होती. काचेवर टकटक झाली. तिहोमिर होता, लग्नात घालतात तसा कोट घालून, मागे दुन्या. इंडेक्स आत सरकवला. सादरीकरण आठ गुणांनी झालं होतं, सह्या होत्या, राहिली होती आमची शेवटची नोंद आणि शिक्का. वेरित्सा म्हणाली, दहा ते बारा असतं हो साहेब. म्हणाली आणि शिक्क्याची पेटी उघडून माझ्यापुढे ठेवली.

मी पेन उचललं आणि हात तारखेच्या रकान्यावर थांबला. दिनदर्शिका शेजारी उघडी होती. चर्चच्या रकान्यात त्या दिवशी सतरा सप्टेंबर होता.

तिहोमिर खाली वाकला. "मावशी, तारीख मी सांगू?"

त्याच्या आवाजात टोमणा होता, आणि अगदीच टोमणा नव्हता. मी दिनदर्शिका मिटली.

म्हटलं, सांग.

त्याने सावकाश सांगितली, दिवस, महिना, वर्ष, आणि मी त्याच्यामागून लिहीत गेले. मग शिक्का मारला. दुन्याने वाकून भोकातून आत बघितलं आणि विचारलं, पहिल्या वर्षाचे इंडेक्स कधीपासून मिळतात.

उद्या, मी म्हटलं. दहा ते बारा.